दुखऱ्या बोटाला लागलेलं कपाळ

आधीच माफी मागतो. देवाधर्माबद्दल लिहावं इतका माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचीही धास्ती वाटते. शिवाय या अनुभवात भक्ती कमी आणि रागच जास्त आहे. पण आई म्हणाली, "जसं झालं तसं लिही. देवाला काय माहीत नाही का?"

आम्ही काळेवाडीत राहतो. वडील चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत आणि मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. हातात काम असलं की कुणापुढे हात पसरावा लागत नाही, असं वडील म्हणतात. माझे तर हातच जायला लागले. आधी कोपरांवर आणि डोक्यात चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे उठले. मग हातापायांची बोटं सुजली. एखादा सांधा नाही, अख्खं बोट, वेलची केळ्यासारखं. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. सकाळी मूठ मिटायला तासभर लागे, टाच टेकवली की डोळ्यांत पाणी येई. वर्कशॉपमध्ये हातातून पाना निसटला की पोरं म्हणायची, "भावा, रात्रीची उतरली नाही वाटतं!" त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, हाडांच्या डॉक्टरांनी दुखणं मारायच्या गोळ्या. संधिवाताची आणि युरिक अ‍ॅसिडची तपासणी नॉर्मल आली, तेव्हा मनावर घेऊ नकोस म्हणाले. चट्ट्यांचा आणि बोटांचा काही संबंध असेल, असं मलाही वाटलं नाही. शेजारच्या बाई मात्र आपल्या घरातला पेला मला देईनाशा झाल्या. या सगळ्याचा मला राग यायचा, आणि सगळ्यात जास्त देवाचा. आई इतकी वर्षं दर एकादशीला आळंदीला जाते. तिनं काय कमी केलं होतं?

एका एकादशीला तिने मलाही बळेच नेलं. बसमध्ये मी म्हणालो, "येतोय, पण हात जोडणार नाही."

"नको जोडूस. तसेही कुठं नीट जुळतात तुझे," ती म्हणाली, आणि मग खिडकीकडे तोंड करून रडली.

तिथे एका धर्मशाळेत हरिपाठाला बसलो. हरिपाठ संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्या गृहस्थांनी माझे हात पाहिले आणि "असू दे, असू दे" म्हणत पाय मागे ओढले. शेजारचे मला वगळून पुढे गेले. माझं डोकं फिरलं. मनात म्हणालो, माउली, तुझ्या दारातही हेच का?

तेवढ्यात पांढऱ्या टोपीतले एक काका वाकले आणि त्यांनी थेट माझ्या पायावर डोकं ठेवलं. कपाळ नेमकं सुजलेल्या बोटाला लागलं.

"अहो, दुखतंय! दिसत नाही का?" मी ओरडलो. सगळे वळून बघायला लागले. काका उठले नाहीत. ते माझा पाय धरून तिथेच बसले.

"कवापासनं सुजलंय हे?"

"वर्ष झालं."

"नखं बघू. आन् डोक्यात खवलं हायेत?"

"आहेत! असली तर? कुणाला लागत नाहीत ती!"

"लागत न्हाईत, मला ठावं हाय की." त्यांनी सदऱ्याची बाही सरकवली. कोपरावर तसाच, पण पुसट चट्टा होता. "माझी अंगठी सोनाराकडनं कापून काढावी लागली, राव. बायको म्हणली, लगीन मोडलं म्हणायचं का काय!"

लोक हसले. मला रागातच राहायचं होतं, तरी हसू आलं. मग काका हळू आवाजात म्हणाले, "कातडीचं आन् सांध्याचं दुखणं एकच हाय, पोरा. हाडाचा न्हाई, सांध्यांचा डॉक्टर निराळा असतो. त्याला दोन्ही दाखीव."

परतीची बस चुकेल म्हणून आम्ही निघालो, नाव विचारायचं राहिलं. पुढच्या एकादशीला आईने त्यांना खूप शोधलं. ते कोण होते याबद्दल तिचं एक मत आहे, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही.

सांध्यांच्या डॉक्टरांनी नखं पाहूनच विचारलं, "चट्टे कुठे आहेत?" आजाराचं नाव सोरायटिक आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षणशक्तीच त्वचेवर आणि सांध्यांवर उलटते. तो कुणाला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही, आणि मधूनमधून रक्त तपासायचं. मात्र आधी तपासण्या आणि हातापायांचे एक्स-रे, कारण हाडांची झालेली झीज भरून येत नाही.

ते ऐकून मी पेटलो. वाया गेलेलं ते वर्ष कुणाकडे मागायचं? रिपोर्टची वाट पाहताना मी देवाशी अक्षरशः भांडलो. शेवटी थकलो. माझ्याने होण्यासारखं करून झालं होतं, हाडांत काय झालंय ते माझ्या हातात नव्हतं. तेवढं मी त्याच्यावर सोडलं, दातओठ खात सोडलं. असंही शरण जाता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. राग अजून आहे. पण मी ओरडलो तरी ज्यांनी माझा पाय सोडला नाही, त्यांच्यापुढे तो राग टिकत नाही.

चौथ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये असताना दवाखान्यातून फोन आला. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून लंगडत बाहेर गेलो. पलीकडून बाई म्हणाल्या, "हाडं शाबूत आहेत. बाकीचे रिपोर्टही चांगले आलेत. सोमवारी या, गोळी सुरू करायची आहे."