साडूंचे हात

माणसाच्या कातडीखाली काय चाललं आहे हे माझ्या साडूंना जेवढं कळतं, तेवढं त्या माणसाला स्वतःलाही कळत नसावं, असं माझं ठाम मत आहे. सेलूत त्यांचा दोन खोल्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. यंत्रं आहेत, पण त्यांच्यावर चादर घातलेली. सगळा कारभार हातांचा. कुणी त्यांना मालीशवाले म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग ते मोसंबी सोलतात आणि फोडीवरचा पातळ पापुद्रा दाखवून सांगतात, की आपल्या प्रत्येक स्नायूवर असंच एक आवरण असतं, आणि ते आखडलं की माणूस आतल्या आत अडकतो. या व्याख्यानापायी आमच्या सासुरवाडीत मोसंबीचा हंगाम बारमाही झाला आहे.

लग्नात त्यांच्याशेजारी बसायची सोय नाही. आपण ताटाकडे बघतो, ते वाढणाऱ्यांच्या चालीकडे. देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांना जिलबीच्या ताटासकट थांबवलं आणि डावा घोटा कधी मोडला होता म्हणून विचारलं. मामा विचारात पडले. तिसरीत असताना चिंचेवरून पडलो होतो, हे त्यांना बऱ्याच वेळाने आठवलं. मामींना तर लग्नाला तीस वर्षं होऊनही ते ठाऊक नव्हतं.

मी शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी माझा खांदा धरला आणि फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना. साडूंकडे गेलो, तर त्यांनी खांद्याला हातच लावला नाही. बरगड्यांच्या कडेला अंगठा टेकवून डोळे मिटले. तेल नाही, चोळणं नाही. पाच मिनिटं तसेच. मला वाटलं, यांना डुलकी लागली. हळूच विचारलं, तर म्हणाले, "गप ऱ्हावा. आत्ता कुठं तिकडून उत्तर यायलंय." आणि खरंच, थोड्या वेळाने आत काहीतरी अलगद सुटलं. सातव्या खेपेनंतर मी शाळेत फळ्यावर अगदी वरून तारीख लिहिली.

पण माझा खांदा म्हणजे किरकोळ गोष्ट. राणीसावरगावची एक शेतकरी बाई त्यांच्याकडे येत असे. छातीच्या कर्करोगाच्या ऑपरेशनने जीव वाचला होता, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दीड वर्षं तिचे केस सून विंचरत होती. सून मायेने करायची, तरी बाईला ते मनाला लागायचं. साडूंनी आधी तिच्या सर्जनला फोन करून विचारलं. मग माझ्या मेहुणीला बाईशेजारी बसवून व्रणाच्या कडेला नुसती बोटं टेकवली. बाई रडायला लागली. दुखतं का म्हणून त्यांनी हात काढला, तर ती म्हणाली, "दुखत न्हाई. त्या दिवसापासून तिथं कुणी हात लावला न्हाई. मी बी न्हाई."

हे मेहुणीने मला सांगितलं. साडू त्या दिवशी जेवलेही नाहीत म्हणे.

चार महिने ती दर आठवड्याला येत राहिली. एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसलो असताना ती आरशासमोर उभी राहिली, दोन्ही हात सावकाश मागे नेले आणि अंबाडा घातला. वाकडा होता, सैलही होता. तिने तो तसाच ठेवला. साडू पाठ करून बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत राहिले. कपाट रिकामंच होतं.

अलीकडे त्यांच्या अंगठ्यांचे सांधे झिजले आहेत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी चाचपून दुसरं काय होणार. आता पुष्कळसं काम ते कोपराने करतात. कोपराला ऐकू कमी येतं, अशी त्यांची तक्रार. परवा घरी आले होते. ती बाई आता नातीच्या दोन वेण्या घालते, हे रंगून सांगत होते. सांगता सांगता त्यांनी पाण्याची बाटली उचलली, झाकणाशी थोडं झटले आणि बोलणं न थांबवता ती माझ्यापुढे केली. मी झाकण उघडून बाटली परत दिली. ते पाणी प्यायले आणि पुढचं सांगू लागले.