पेनड्राइव्हचा दिवा थांबेपर्यंत

सौंदडला माझा फोटो स्टुडिओ आहे. माझा हात चालतो, तोंड त्याहून जास्त चालतं. त्या दुपारी मात्र हात जरा जास्तच चालला.

देवरीकडच्या खेड्यातून एक बाई आली होती. नवरा वारून महिना झालेला. घरी फोटो होते, पण त्याचा आवाज कुठंच नव्हता. तिच्या पोरीच्या लग्नात मी काढलेली मिनिटभराची क्लिप तेवढी माझ्या जुन्या हार्डडिस्कवर होती.

"तेवढं देऊन द्या भाऊ. चारची गाडी आहे."

डिस्क म्हातारी. आतली तबकडी फिरणार, सुई जागा शोधणार, तेव्हा कुठं चित्र दिसणार. त्या दिवशी तर ती खरवडल्यासारखी वाजत होती. अडखळत का होईना, क्लिप शेवटपर्यंत चालली. मी कॉपी टाकली. स्क्रीनवरची पट्टी भरली, 'झालं' दिसलं, नि मी पेनड्राइव्ह उपटला. घाई, दुसरं काय! खात्रीसाठी परत लावला तर फाइल रिकामी.

माझ्याच हुशारीचं फळ! काम झटपट दिसावं म्हणून सेटिंग मीच बदलून ठेवली होती. कॉम्प्युटर सगळं आधी मेमरीत घेतो, 'झालं' म्हणतो, आणि मागून पेनड्राइव्हवर सावकाश लिहीत बसतो.

डिस्क अजून चालते का बघावं म्हणून दुसरी क्लिप उघडली. टक, टक, टक. डिस्क बसली होती.  मग आठवलं, डिस्कवरून नुकतंच वाचलेलं ते कॉम्प्युटर काही वेळ मेमरीत धरून ठेवतो. कोठीतला तांदूळ आपण चुलीजवळच्या डब्यात काढून ठेवतो ना, तसं. कोठी गेली तरी डब्यात ओंजळभर असेल. फक्त वीज जायला नको, ती गेली की मेमरी कोरी. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती.

तेवढ्यात आभाळ कडाडलं. आमच्याकडं गडगडलं की आधी वायरी उपटायच्या. बायको आतून धावत आली, हात थेट प्लगवर.

"हात नको लावू!" मी खेकसलो.

"मशीन जळून जाईल ना! पागल झाले का तुमी?"

"जळू दे!"

मघाचीच क्लिप लावली. डिस्क गप्प, तरी चित्र सरसर चाललं. मांडवातून तो माणूस हाक मारत होता, "ये ना वो इकडं, फोटो काढून राहिले."

"येऊन राहिली जी," माझ्या पाठीमागून बाई सवयीनं बोलून गेली. मग तिनं पदर तोंडाशी धरला. 

कॉपी टाकली. 'झालं' दिसलं. ह्या वेळी मी हललो नाही. पेनड्राइव्हचा बारका दिवा अजून लुकलुकत होता. पुन्हा कडाडलं, ट्यूबलाइट फडफडली. बायकोनं माझा खांदा घट्ट धरला. बाहेर हॉर्न वाजला.

"भाऊ, गाडी जाऊन राहिली."

"जाऊ द्या ताई, मी सोडून देतो."

दिवा थांबला. रीतसर काढून पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. तो हाक मारत होता. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. बायकोनं आता कॉम्प्युटरची वायर उपटली. ती डिस्क पुढं कधी फिरली नाही.

"परत लावू, ताई?"

"नको भाऊ," पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधत ती म्हणाली, "घरी लावीन. तिथं मोठ्यानं ओ देता येते."