जहाजावरचा फिटर

आमच्या पट्ट्यात पिक्चर लागतो शुक्रवारी आणि कंपनीला सुट्टी असते गुरुवारी. हे ज्याने ठरवलं त्याला पिक्चरची आवड नसणार. सगळं जग रविवारी लोळत असतं तेव्हा पिंपरी-भोसरीच्या कित्येक कारखान्यांत यंत्रं धडधडत असतात. विजेच्या सोयीसाठी कधीतरी सुट्टी गुरुवारवर ढकलली गेली आणि तिथेच राहिली. माझे पप्पा पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सचे फिटर होते, त्यामुळे त्यांचा पिक्चर कायम शेवटच्या दिवशी. ते तिकीट काढून आत शिरायचे तेव्हा बाहेर एक माणूस शिडीवर चढून उद्याच्या पिक्चरचं पोस्टर चिकटवत असायचा.

माझी शाळा गुरुवारी चालू आणि रविवारी बंद. आईचं थेटरात डोकं चढायचं. मग पप्पा एकटेच जायचे आणि संध्याकाळी आम्हाला अख्खा पिक्चर सांगायचे. रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्या, आई भाकरी थापतेय, मी पाटावर, आणि पप्पा पालथ्या बादलीवर. मला आजही पिक्चर म्हटलं की आधी ज्वारीच्या भाकरीचा वास येतो.

त्यांना मारामारी नको, प्रेमप्रकरण नको. त्यांना हवे अंतराळातले पिक्चर, हिंदीत डब केलेले. त्यातली एक मालिका आमच्या घरची होऊन गेली. तिचं नाव कुणी घेत नसे, ‘जहाजवाला’ म्हटलं की झालं. शहराएवढं एक जहाज पृथ्वी सोडून निघालंय, माणसांना नवीन मुक्काम शोधायचाय, आणि मुक्काम काही सापडत नाही. या गोष्टीचा नायक होता खाली इंजिनखोलीत राबणारा फिटर. टकला, एका पायाने लंगडा, हातात कायम तेलकट फडकं. वर कॅप्टन वगैरे मंडळी होती, पण पप्पांच्या सांगण्यात ती नुसती आरडाओरडा करायची. काम फिटर करायचा.

आणि आई प्रश्न विचारायची. तिला ग्रहाताऱ्यांचं काही पडलेलं नव्हतं.

“एवढी माणसं हायेत, पाणी कुठनं आणतेत?” हा तिचा अगदी पहिला प्रश्न. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि आईचं निम्मं आयुष्य हंडे भरण्यात चाललं होतं.

“खाली टाकी हाय की मोठी,” पप्पा म्हणायचे. “तिचा वॉल्व गळायलाता. आपल्या फिटरनं बदलला.”

“आणि भाकरी कोण करतंय?”

“मेस हाय. पण आपल्या माणसाला मेसचं पचत न्हाई. डबा असतोय त्याचा.”

“बायको कुठाय त्याची?”

इथे पप्पा जरा थांबले होते, ते मला आठवतं. मग म्हणाले, “गावाकडं हाय.”

हे आईला लगेच पटलं. लग्नानंतर कितीतरी दिवस ती स्वतः लातूरकडच्या गावी सासरी होती, आणि पप्पा इथे चार जणांत एक खोली घेऊन कॉट बेसिसवर राहत होते. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, “मग तिला कवा आणणार जहाजावर?”

“पुढच्या भागात,” पप्पा म्हणाले.

दुसरा भाग आला. त्यात फिटरने हाताने झडप धरून ठेवली आणि जहाज वाचवलं. बायको आली नाही. “जागा न्हाई मिळाली आजून. पुढच्या भागात.” तिसरा भाग आला. त्यात शेवटी मोठं दार बंद होतं, फिटर खालीच राहतो, आणि पिक्चर तिथेच संपतो. आईने परात बाजूला सारली. “आसं कसं संपवतेत? ती बाई वाट बघत बसली आसंल तिकडं.”

“पुढच्या भागात आणतोय म्हणलाय,” पप्पा म्हणाले. जणू फिटर त्यांना कंपनीच्या गेटवर भेटून सांगून गेला होता.

पुढचा भाग काही आला नाही. वर्षं गेली. मी इंजिनिअर झाले, हिंजवडीला चिकटले, लग्न करून पुनावळ्याला राहायला गेले. पप्पा रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि प्रेस शॉपने बहिरेपण. कानाला मशीन आलं. पप्पांचं पिंपरीतलं थेटर पाडलं. एवढं सगळं झालं तरी आई टीव्हीवर कुठल्याही पिक्चरची जाहिरात लागली की विचारायची, “आपला जहाजवाला आला का गं?”

मी ते तिन्ही भाग पाहिले ते नोकरी लागल्यावर, लॅपटॉपवर. त्याआधी ऑफिसात एकदा भांडणच झालं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं की फिटर हाच हिरो आहे, जहाजाला गुरुवारी सुट्टी असते आणि फिटरची बायको गावी आहे. कुणी मानेना. मी पैज लावून पिक्चर लावला. फिटर होता. यायचा, फडक्याने हात पुसायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि जायचा. टाकी नव्हती, डबा नव्हता, बायको तर औषधालाही नव्हती. सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये मला कळलं की जे जे पिक्चरमध्ये नव्हतं ते आईच्या प्रश्नांतून आलं होतं. ती विचारायची म्हणून तो माणूस जेवायचा.

मग आई गेली. आजारपण फार लांबलं नाही, तेवढंच एक बरं म्हणायचं.

त्यानंतर पप्पांनी पिक्चर सांगणं बंद केलं. टीव्हीवर बघायचे, आवाज एवढा मोठा की शेजाऱ्यांनाही फुकटात ऐकू यावा. मी शनिवारी गेले की विचारायची, “कसा होता?” ते म्हणायचे, “बरा होता.” बस. मला राग यायचा. ज्या माणसाने मला अख्खं आकाश एका बादलीवर बसून दाखवलं, त्याने ‘बरा होता’ म्हणून मला वाटेला लावावं? मला आईची आठवण यायचीच, पण पप्पा समोर बसलेले असताना त्यांचीही यायची, हे कुणाला सांगू?

आणि अशात चौथ्या भागाची बातमी आली.

मी वेडी झाले, दुसरा शब्द नाही. ट्रेलर मी ऑफिसला जाताना पाहिला, येताना पाहिला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून पाहिला आणि वरणाचा कोळसा केला. चाहत्यांच्या ग्रुपवर अनोळखी लोकांशी इंजिनाच्या रंगावरून हमरीतुमरीवर आले. जहाजाचं चित्र असलेला टी-शर्ट मागवला. नवरा म्हणाला, “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर बायकोच निघाली.” मी लक्ष दिलं नाही. कारण ट्रेलरमध्ये, अगदी शेवटी, पापणी लवते तेवढ्या वेळात, एक हात दिसत होता. हातात तेलकट फडकं.

मी तो हात थांबवून, मोठा करून, पप्पांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला. “बघू,” म्हणाले आणि फोन परत दिला. मी हिरमुसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला. आई गेल्यापासून ते स्वतःहून फोन करत नसत.

“कवा लागायलाय?”

“शुक्रवारी! मी पहिल्या दिवसाची तिकिटं काढते, पप्पा.”

“शुक्रवारी कोण जातंय पिक्चरला?” ते म्हणाले. “गुरुवारी जाऊ.”

रिटायर माणूस. त्याला सगळे वार सारखेच. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. मी ऑफिसात जाहीर केलं की जो कुणी माझ्यासमोर पिक्चरमधलं काही तोंडातून काढेल त्याच्याशी माझं जन्माचं वैर. अळीमिळी गुपचिळी. ग्रुप बंद केला, फोन पालथा ठेवला. शुक्रवारी पाहून आलेला एक जण कॅन्टीनमध्ये माझ्याकडे बघून उगाच हळवं हसला, तर मी त्याच्यावर एवढी डाफरले की तो चहा टाकून उठला. गुरुवारची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, “घरची सुट्टी आहे.”

मला नेमकं काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पिक्चर तर हवाच होता. पण त्याहून जास्त हवी होती ती नंतरची संध्याकाळ. एकदा, फक्त एकदा, पप्पांनी तो सांगायला हवा होता.

दुपारचा खेळ. मॉलमधलं थेटर. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात भाजलेले शेंगदाणे लपवून. खुर्ची मागे कलंडते हे कळल्यावर जरा दचकले, मग ताठ बसले. पिक्चर सुरू झाला आणि थेटरच्या आवाजात त्यांचं मशीन कुईकुई करायला लागलं. त्यांनी ते कानातून काढलं आणि शेंगदाण्यांच्या खिशात ठेवलं.

पहिल्या काही मिनिटांतच इंजिनखोली आली. फडकं घेतलेला हात आला. तो एका नव्या, तरण्या मुलीचा होता. कॅप्टन आता म्हातारी झाली होती. मुलीने तिला फिटरबद्दल विचारलं आणि कॅप्टन पाठ वळवून म्हणाली, “वो तो कब का गुज़र गया.” एवढंच. एका वाक्यात आमचा माणूस संपवला.

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांना काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं. ते पुढे वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत फिटरला शोधत होते. सांगायचं तर भर थेटरात ओरडून सांगावं लागलं असतं की पप्पा, तो मेला. मी त्यांच्या खिशातले चार शेंगदाणे घेतले आणि गप्प बसले.

मध्यंतरात ते म्हणाले, “आजून दिसला न्हाई.”

मी त्यांच्या खिशातले आणखी शेंगदाणे घेतले.

उत्तरार्धात इंजिन बंद पडलं, चालू झालं, जहाज एका निळसर जमिनीवर उतरलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी या क्षणासाठी इतकी वर्षं थांबले होते आणि मला पडदा नीट दिसत नव्हता. दिवे लागले तरी पप्पा बसून होते. सगळी नावं वर सरकून गेल्यावर उठले.

रिक्षा केली. रहाटणीला आलो. मी चहा केला, तो प्याले. मी कुकर लावला, भाजी चिरली, मुद्दाम सावकाश. ते खिडकीशी बसून होते. आता ‘बरा होता’ म्हणतील, मला वाटलं, आणि ते म्हणाले तर मी रडणार होते. शेवटी मी परात काढली आणि पीठ घेतलं. मला भाकरी येत नाही. माझ्या भाकरीला कडा नसतात, नकाशे असतात. तरी थापायला बसले आणि त्यांच्याकडे न बघता, मोठ्याने विचारलं, “पप्पा, एवढ्या सगळ्यात तो जेवला कधी?”

ते वळले. खिशातून मशीन काढलं, त्याला चिकटलेलं शेंगदाण्याचं टरफल झटकलं, कानात बसवलं.

“काय म्हणलीस?”

“फिटर. तो जेवला कधी?”

त्यांनी माझ्या परातीकडे बघितलं. मग उठले, मोरीतली बादली आणली, पालथी केली आणि तिच्यावर बसले.

“त्यो व्हय,” ते म्हणाले. “त्यो खालीच हाय की. पिक्चरभर खालीच व्हता. वर यायला सवड पायजे ना माणसाला. ती नवीन पोरगी बघितलीस का? हाताखाली घेतलीय तिला. हात बरा हाय तिचा, पण घाई करती, तुझ्यावानी.”

“आणि जेवण?”

“डबा हाय की. वेळच्या वेळी गरम.”

मी भाकरी तव्यावर टाकली. “गरम कसा? बायको तर गावाकडं होती ना?”

कॅप्टनचं ते वाक्य त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. पप्पांनी तव्यावरची माझी वेडीवाकडी भाकरी बोटांनी उलटली.

“आली की ती,” ते म्हणाले. “आता खालीच ऱ्हातेत दोघं.”

प्रश्न तर विचारायलाच हवा होता, तो दुसरं कोण विचारणार होतं? मी नाक मनगटाला पुसलं आणि विचारलं, “आणि पाणी?”

“पाणी?” पप्पा म्हणाले. “चोवीस तास.”