कोरडे तांदूळ

माझी जाऊ कुंदा चोर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगीच डोकं लढवायला नको. पंचवीस वर्षं आम्ही दोघींनी एका चुलीवर काढली. जामनेर तालुक्यातलं आमचं गाव, घरची केळी आणि थोडा कापूस. मी सुमन, थोरली, तोंडाची फटकळ. कुंदा माझ्या उलट, दहा प्रश्नांना एक उत्तर देणारी. पण खापरावर मांडे टाकायला बसली की आसपासच्या पाच गावांत तिला तोड नव्हती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर असा फिरवायची की बघता बघता मांडा कोपरापर्यंत यायचा. लग्नाची तारीख धरायच्या आधी लोक कुंदाबाईला विचारून जात. थट्टा नाही, खरंच जात.

तिचे डोळे मात्र कायम लाल. वाळू गेल्यासारखे खुपतात म्हणायची. आम्ही म्हणायचो, जन्म चुलीपुढे गेला, धूर खाल्ला, दुसरं काय होणार? भाकरीचा घास तिला पाण्याशिवाय उतरत नसे, एका जेवणाला दोन तांबे लागत. पोटात विहीर खणली आहे का गं, म्हणून मी चिडवायची. पंचेचाळिशीच्या आत दात एकामागून एक किडले, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बाईच्या दुखण्याकडे बघतंय कोण!

गेल्या वैशाखात आमच्याच गल्लीतल्या बन्सीलालभाऊंच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी त्यांच्या बायकोची, लताबाईची, सोन्याची पोत गेली. मागच्या पडवीत आम्ही सहा बायका कामाला होतो आणि पोत तिथल्याच फडताळात ठेवलेली होती. झालं, सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. पोलिसात जातो म्हणाले असते तर मी म्हटलं असतं, खुशाल जा. पण बन्सीलालभाऊंनी बाहेरगावचा भगत आणला. तो तांदूळ मंतरून द्यायचा. चिमूटभर तांदूळ चावायचे आणि केळीच्या पानावर थुंकायचे. साध्या माणसाचे ओले निघतात, चोराची थुंकी भीतीनं आटते म्हणून त्याचे कोरडे पडतात. हे खूळ आमच्या आजीच्या वेळचं. मला वाटलं होतं आजीबरोबरच गेलं असेल.

आता खरं सांगते. मी पोत घेतली नव्हती, पण भगताचं नाव ऐकूनच माझ्या घशाला कोरड पडली. माझेच कोरडे निघाले तर? म्हणून घरून निघताना मी चिंचेचं एक बुटूक दाढेखाली दाबलं. चोर नसताना चोरासारखी वागले. माझे तांदूळ चांगले पचपचीत ओले निघाले. बाकी चौघींचेही बरे निघाले. कुंदा बिचारी किती वेळ चावत राहिली, आणि पानावर पडलं ते जात्यातून काढल्यासारखं कोरडं पीठ.

कुणीतरी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत गावभर फिरवला. भगताला बोट दाखवायचीही गरज पडली नाही. लताबाई एवढंच म्हणाली, "कुंदे, मागितली असती तर दिली असती वं." आणि मी, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असते, ती खांबाला टेकून गप्प उभी राहिले. चिंचेचं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, चोराच्या मनात चांदणं, हिनंच घेतली असेल. तेवढ्या एका भीतीपायी मी माझ्या जावेला बुडवलं. याला दुसरा शब्द नाही.

त्यानंतर तिला मांड्यांचं एकही बोलावणं आलं नाही. पाणी भरायला गेली की बायका बोलायच्या थांबत. माझा दीर योगराज चांगला माणूस, पण त्यानंही एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, घेतली का? आपलेच दात, आपलेच ओठ, ती दाद मागणार कुणाकडे? माझी मुलगी मोहिनी जळगावला एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, भगत आणून असं करणं हा गुन्हा आहे, तक्रार करा. योगराज म्हणाला, त्याच गल्लीत राहायचं आहे आपल्याला. कुंदाला तक्रार नकोच होती. तिला फक्त तिचं नाव परत हवं होतं. त्या दिवशी चारचौघांत गेलं होतं ना, तसंच चारचौघांत.

भाद्रपदात तिची दाढ सुजली. मोहिनीनं तिला जळगावला दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, सोबत मी. डॉक्टरबाईंनी छोटा आरसा तोंडात घातला तर तो गालाला आतून चिकटूनच बसला. त्यांनी विचारलं, मावशी, तोंडाला असं कोरडं किती वर्षांपासून आहे? माझ्या डोळ्यांपुढे ते केळीचं पान आलं. कुंदानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे डोळ्याच्या कडेला कागदाची पट्टी लावून बघितली, ती जेमतेम ओली झाली. डॉक्टर म्हणाले, शरीराचं रक्षण करणारी ताकदच कधी कधी उलटते आणि लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथींवर तुटून पडते. म्हणजे कुंपणच शेत खातं, मी म्हटलं. ते म्हणाले, तसंच. पण रक्ताच्या तपासणीत काही स्पष्ट दिसत नव्हतं. खात्री करायची तर खालच्या ओठाच्या आतून बाजरीच्या दाण्याएवढ्या चार-पाच ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हव्यात, बायोप्सी.

या वेळी योगराजही सोबत आला होता. तो शब्द ऐकताच तो कुंदाला घरी न्यायला उठला. त्याच्या मते बायोप्सी म्हणजे कॅन्सरच, आणि तुकडा काढला की दुखणं अंगभर पसरतं. डॉक्टरांनी समजावलं, हा कॅन्सरचा संशय नाही आणि तुकडा काढल्यानं काही पसरत नाही. क्वचित ओठाचा थोडा भाग बधिर राहतो, तेवढा धोका. कुंदानं सगळं ऐकून एकच विचारलं, "कागदावर लिहून मिळंन का?"

दिवाळीनंतरच्या सोमवारी तिचा ओठ कापला. दारापर्यंत माझा हात तिच्या हातात होता. तेव्हा तरी चिंचेचं सांगायचं ना! सांगितलं असतं तर ती उठून घरी आली असती का, मला माहीत नाही. दुखणं तर ओळखायलाच हवं होतं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण ती दुखण्यासाठी आत गेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. वीसेक मिनिटांनी ओठात कापूस धरून, तीन टाके घेऊन बाहेर आली.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. ग्रंथींभोवती पेशींचे पुंजकेच्या पुंजके साचले होते. शोग्रेन असं काहीसं परदेशी नाव त्या आजाराचं. डॉक्टर म्हणाले, मुळापासून बरा होत नाही. डोळ्यांत थेंब घालायचे, दात जपायचे, गोळ्या सुरू राहतील, तपासणीला येत राहायचं. कुंदा हसली. तिला कळलं नाही असं वाटून डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती पुन्हा हसली. जन्माचं दुखणं पदरात पडलं म्हणून खुश झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तिनं त्या रिपोर्टाला जळगावातच लॅमिनेशन करून घेतलं. हे दुखणं बरंच जुनं असावं, असं डॉक्टरांकडून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बन्सीलालभाऊंच्या ओट्यावर गेलो. मोहिनीनं सगळं वाचून मराठीत समजावलं. बन्सीलालभाऊ शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नाही. त्यांनी रिपोर्ट उलटापालटा केला, कुंदाच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "बिमारी हाये, मान्य. पण पोत घेतली नही, असं यात कुठी लिहिलं हाये?"

कुंदा रिपोर्टावरच्या ओळींवरून बोट फिरवू लागली. ओठाचा एक कोपरा अजून बधिर होता, शब्द अडखळत. ज्या कागदाच्या आशेवर ओठ कापून घेतला, तो हातात होता आणि कामाचा नव्हता.

"माझ्या तोंडात चिंच व्हती," मी म्हणाले. कुणाला कळेना, म्हणून पुन्हा सांगितलं. भगताच्या दिवशी दाढेखाली चिंच ठेवली व्हती, म्हणून माझे तांदूळ ओले निघाले. तुमचे तांदूळ खोटे, भाऊ. ते चिंच ओळखतात, चोर ओळखत नहीत.

लताबाई खाली बसली. बन्सीलालभाऊंनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. ते काय म्हणतात इकडे माझं लक्षच नव्हतं. मी कुंदाकडे बघत होते. तिनं रिपोर्ट पदराखाली घेतला. तिला रडू येत होतं, पण त्या डोळ्यांतून काही येणार नव्हतं. एकेक शब्द त्या ओठातून सावकाश काढत ती मला म्हणाली,

"अक्का, घरात येवढी चिंच व्हती. एक बुटूक मले का नही दिलं?"