माझी वेणी, शालूताईचा टोप

कुणाला कुठे काही दिसलं की मी पहिला प्रश्न विचारायचे, "रात्री जेवायला काय होतं?" रत्नागिरीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होते मी. बाटल्या, बर्नर आणि पोरांचा दंगा, यात नोकरी गेली. भुताखेतांवर बोलणाऱ्यांची भरपूर टर उडवली आहे... तेव्हा आता तुम्ही माझी उडवलीत तर तक्रार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई आणि मी रत्नागिरीत राहायचो, वडील केव्हाच गेले होते. माझी थोरली बहीण शालूताई हेदवीला दिलेली. म्हणजे एसटीने जयगड, तरीतून खाडी ओलांडून तवसाळ, आणि पुढे पुन्हा एसटी — मिळाली तर. भावोजी मुंबईला नोकरीला. ताई एकटीच घर आणि माड-पोफळीचं आगर सांभाळायची.

तिला कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि परत आली तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. तिकडून आणलेला नायलॉनचा विग उन्हात तापायचा, डोकं सोलून निघायचं. मग ती पदर कपाळापर्यंत ओढून घरातच बसायला लागली. बायका समाचाराला यायच्या आणि बघायच्या ते डोकंच. दुखण्यासाठी ती कधी रडली नाही. केसांसाठी रडली.

माझी वेणी तेव्हा कमरेखाली होती. मी म्हटलं, कापते आणि तिला टोप करून देते. आई बिथरलीच. आमच्याकडे विंचरताना गळलेले केससुद्धा गुंडाळून, त्यावर थुंकून मग टाकायचे, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून.

"लग्नाची पोर तू. आणि आपले केस असे दुसऱ्याला देतात काय गो?"

"दुसरी कोण? ताई ना?"

दुसऱ्या दिवशी आईनेच माझी वेणी घट्ट घातली, दोन्ही टोकांना दोरा बांधला आणि कात्री माझ्या हातात दिली. स्वतः कापली मात्र नाही.

नाटकवाल्यांना टोप पुरवणारे एक गृहस्थ आमच्या आळीत होते. त्यांनी जाळीवर केस गाठवून टोप तयार केला. तो घालून ताई आरशापुढे कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, "मी जाईन ना, तेव्हा हा डोक्यावर असू दे. सगळा गाव जमेल बघायला. टकली नको नेऊ देऊस मला."

मी हो म्हटलं. असल्या वेळी आणखी काय म्हणणार?

पुढे थोड्याच दिवसांत, लॅबमध्ये बाटल्या धूत असताना, कुणीतरी माझे केस विंचरायला लागलं. नुसतं डोक्यावर नाही... फणी पाठीवरून कमरेखाली उतरत होती. जिथं आता वेणीच नव्हती तिथून! मी स्वतःला समजावलं — पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय खाजतो म्हणतात, तसलं काही असेल. पण पायाला नसा असतात, केसांना नसतात. आणि हे रोज दुपारी, जेवणं झाल्यावर. हळूहळू मला हातही ओळखू यायला लागला. लहानपणी माझी वेणी ताईच घालायची, गाठी खालून वर सोडवत जायची. तसंच.

मे महिन्यात हेदवीला गेले. दुपारी मी पडवीत सुपारी सोलत होते, ताई आत माजघरात. एकदम डोक्यात कळ आली.

"ताई, ओढू नको गो, गाठ आहे तिथं," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

ती दारात आली. एका हातात टोप, दुसऱ्या हातात फणी. माझ्याकडे बघत तिने टोपाचा एक केस उपटला आणि मी कळवळले. त्यावर ती चक्क हसली, कित्येक महिन्यांनी. "आता भांडलीस माझ्याशी तर बघ हां," म्हणाली.

हसणं थांबलं तेव्हा दोघींच्याही मनात एकच आलं असणार. तिने बोलून टाकलं.

"तेव्हा काढून घे हा. नको जाळूस. मेल्यावर मला काय कळतंय?"

असं म्हणताना तिचा हात उघड्या डोक्यावर गेला होता, झाकायला. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही.

पाऊस सरता सरता दुखणं उलटलं. पत्र यायच्या आधी मला ते फणीवरून कळलं. हात मध्येच थांबायचा, केस अर्धेच विंचरले जायचे. आई आणि मी हेदवीला जाऊन राहिलो. भावोजीही रजा काढून आले. दिवाळीनंतर एका सकाळी ताई गेली.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, मळवट भरला. कुणीतरी अबोलीचा गजरा टोपात माळला आणि तो माझ्या मानेला गार लागला. तेवढ्यात आई टोप काढायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"आई, राहू दे."

"तुला कळतंय काय तू काय बोलतंस?"

"मी हो म्हटलंय तिला."

"मागनं नको म्हणाली ना ती?"

"नुसती तोंडाने म्हणाली."

"एक चालली माझी. दुसरी कुठनं आणू मी?"

बायकांना काहीच कळलं नाही. मी मनगट सोडलं नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू... पण ताईला सगळ्या गावासमोर उघड्या डोक्याने पाठवणं मला जमलं नसतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

पुरुषमाणसं तिला घेऊन गेली. मसणवट समुद्राच्या बाजूला, बायका जात नाहीत. आईने मला मागच्या दारी विहिरीवर नेलं आणि डोक्यावर कळशीभर पाणी ओतलं. मग पायरीवर मला पुढ्यात बसवून उजवा तळवा माझ्या टाळूवर दाबून धरला. माडांवरून धूर दिसायला लागला तसे मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. चटका नाही, साधी ऊबही नाही. डोक्यावर गार पाणी आणि आईचा हात, एवढंच. मध्येच तिचा श्वास अडकला आणि हात थरथरायला लागला. मी डोकं बाजूला घ्यायला गेले तर म्हणाली, "हलू नको." रडत असेल, असं वाटलं मला.

माणसं परतली तेव्हा तिने हात काढून पदराखाली घेतला. शेजारीण पिठलं-भात घेऊन आली. आईने पातेलं डाव्या हाताने घेतलं, म्हणून तिने उजवा ओढून पाहिला. तळवा भाजून फोडांनी भरला होता.

"हे काय झालं गो काकी?"

"तवा लागला."

कुठला तवा? घरात मयत, सकाळपासून चूल पेटलेली नव्हती. म्हणून तर ती बाई शिजवून घेऊन आली होती. आणि भाजणं म्हणजे काय ते मला शिकवू नका, बर्नरवर हात पोळलेली पोरं मी नेहमी बघत होते. हे ताजं होतं.

त्या दिवसानंतर फणी कधी आली नाही. डॉक्टरांनाही आईने तवाच सांगितला. हात बरा झाला, पण कातडी आखडली ती आखडलीच. त्या हाताने भाकरी थापणं तिला पुन्हा जमलं नाही.

आता आईही नाही. मी खूप वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं, पण पटेल असं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. आईशी या विषयावर एकदाच बोलले. माझे केस परत वाढले होते आणि ती त्या आखडलेल्या हाताने जमेल तशी वेणी घालत होती. मी विचारलं, "आई, त्या दिवशी खूप दुखलं काय गो?"

तिचे हात थांबले नाहीत.

"दुखणारच," ती म्हणाली. "पोर जळत होती माझी."