बरणीखालच्या दोन मेणबत्त्या

शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं पाठीमागे 'दोन-पुस्तकंबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. नाव काही खोटं नव्हतं. आंतरशालेय प्रश्नमंजूषेचे सगळे प्रश्न एकोणीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होते. शिक्षक प्रश्न लिहून देत, बाई पारखत. उत्तर एका पुस्तकात सापडलं की कार्डाच्या मागे एक टिंब, दुसऱ्या पुस्तकात सापडलं की दुसरं. दोन टिंबं झाल्याशिवाय कार्ड पेटीत जायचं नाही, मग तो प्रश्न खुद्द मुख्याध्यापिकांनी का दिलेला असेना.

बरं, नुसतं उत्तर बरोबर असून त्यांचं भागत नसे. "सर्वांत मोठा पक्षी कोणता?" असं कार्ड आलं की आल्या पावली परत. "मोठा म्हणजे उंचीने, वजनाने की पंखांनी? पोरांनी कुठलं माप धरायचं?"

स्पर्धेत प्रश्न विचारायचं काम गणिताच्या सरांकडे. आवाज खणखणीत आणि स्वभाव तापट. ते वैतागून म्हणायचे, "बाई, तुम्ही प्रश्न पारखताय की लेकीसाठी स्थळ?"

"स्थळ चुकलं तर दोन घरं रडतात, सर. प्रश्न चुकला तर आठ शाळा."

घरीही तीच तऱ्हा. स्पर्धेआधी महिनाभर जेवणाचं टेबल कार्डांनी भरलेलं. टपालखात्यातून निवृत्त झालेले यजमान पाण्याचा पेला हातात घेऊन जागा शोधत उभे. "भाजीत मीठ कमी पडलंय," असं ते चुकून बोलले की मुलगी म्हणायची, "बाबा, दुसरा पुरावा आणा. आई एका तोंडावर विश्वास ठेवत नाही."

बाई हसायच्या आणि मीठ पुढे सरकवायच्या.

त्या वर्षीची अंतिम फेरी त्यांच्याच शाळेच्या सभागृहात होती. एका बाजूला आपली मुलं, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडच्या छोट्याशा शाळेतल्या तीन मुली. जिंकेल तो संघ विभागीय फेरीला जाणार. नदीपलीकडची शाळा त्या फेरीपर्यंत आजवर कधी पोचली नव्हती.

शेवटून तिसरा प्रश्न. सरांनी कार्ड उचललं. "एक उंच आणि एक बुटकी, अशा दोन मेणबत्त्या पेटवल्या आणि एकाच मोठ्या काचेच्या बरणीने झाकल्या. आधी कोणती विझेल?"

"उंच," कडेच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली. शेजारणींना विचारलंसुद्धा नाही.

"चूक! पुढचा संघ?"

"बुटकी," आपल्या मुलांनी सांगितलं.

"शाब्बास! कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाच गुण बोनस. कुणाचा आक्षेप?"

आक्षेप घ्यायचा तर पुढचा प्रश्न विचारण्याआधी, असा नियम होता. कुणाचाच हात वर झाला नाही. पुढचं कार्ड निघालं.

बाई बाजूच्या टेबलाशी पेटी सांभाळत बसल्या होत्या. चुकलेल्या मुलांचे चेहरे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. कुणी जीभ चावतं, कुणी कपाळावर हात मारून घेतं. हिने तसलं काहीच केलं नाही. दोन्ही तळहातांची हवेत एक बरणी केली, क्षणभर त्या रिकाम्या बरणीत पाहिलं आणि हात मुकाट्याने मांडीवर ठेवले.

बाईंनी ते कार्ड बाजूला काढून ठेवलं.

शेवटचा आकडा आपले पंचाण्णव, पाहुण्यांचे नव्वद. वीस मिनिटं चहापानाची, मग बक्षीस. लोक कपबशांकडे वळले आणि बाई किल्ल्या घेऊन ग्रंथालयाकडे. दोन्ही पुस्तकं काढली, शेजारी-शेजारी उघडली. उत्तर दोन्हीकडे होतं. पण आज पहिल्यांदाच त्यांनी ती एकत्र वाचली. वाक्य तेच, शब्दाला शब्द. चित्रही तेच, फक्त एकात उंच मेणबत्ती डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. एकाने दुसऱ्याचं उतरवलं होतं. एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करून आपण दोन टिंबं दिली!

पुस्तकं तशीच टाकून त्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथले मामा तीस वर्षं परीक्षानळ्या धूत होते, बर्नर पेटवत होते.

"मामा, मोठी बरणी आहे का? आणि दोन मेणबत्त्या?"

"सगळे चहा पितायत आणि तुम्हाला प्रयोग सुचतोय?"

"लहानमोठ्या लावून झाकल्या तर आधी कुठली विझते?"

"उंच," मामा बरणी पुसता पुसता म्हणाले.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दरवर्षी आठवीला लावून दाखवतो की."

"मग इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत ते?"

"तुम्ही पुस्तकांना विचारता, बाई. मला कुणी विचारलं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण राग यावा असं त्यात काहीच नव्हतं. मामांनी मेणबत्त्या लावल्या, झाकल्या. उंच ज्योत काजळली, आखडली, विझली. बुटकी मागे राहून आणखी थोडा वेळ जळली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"वायू जड असेल हो, पण ज्योतीतून निघतो तेव्हा गरम असतो. गरम ते आधी वर जाणार. वरूनच भरत येतं," मामा म्हणाले.

बाई रंगमंचामागे पोचल्या तेव्हा मुख्याध्यापिका करंडकाची रिबीन सारखी करत होत्या. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. कार्डावर टिंबं माझी."

मुख्याध्यापिका गंभीर झाल्या. "आक्षेपाची वेळ टळून गेली, बाई. फार तर प्रश्न रद्द करू. आपला बोनस जाईल, नव्वद-नव्वद होतील. मग एक जादा प्रश्न विचारू."

"रद्द केला तर त्या मुलीचे दहा गुण दुसऱ्यांदा जातील. तिने बरोबर उत्तर दिलंय. तिने काय म्हणून आणखी एक परीक्षा द्यायची?"

"आणि आपल्या मुलांना काय सांगू?"

बाईंनी करंडकाशेजारी उभ्या असलेल्या गणिताच्या सरांकडे पाहिलं आणि मनात म्हणाल्या, संपलं. भरसभेत 'चूक' म्हणून गरजले ते सर. आता माघार त्यांना घ्यावी लागणार.

सर चष्मा पुसत होते. "आक्षेपाचा नियम मुलांसाठी आहे, मोठ्या बाई. आपण चुकलो तर आपल्याला मुदत कसली? त्यांचे शंभर, आपले नव्वद. मी सांगतो माइकवर. 'चूक' मीच ओरडलो होतो ना? मग आता 'बरोबर' पण मीच ओरडतो."

आणि खरोखर ओरडले. सभागृहाचं छप्पर उडेल असे. आपले पालक कुजबुजले, आपल्या संघातला एक मुलगा रडवेला झाला. बाईंनी त्याला जवळ घेतलं आणि चूक कशी झाली ते त्याला नीट सांगितलं. त्याचं पुरतं समाधान झालं नाही, आणि ते साहजिकच होतं.

पुढे बाईंना कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारलं की त्या बरोबर निघालेल्या हजारो कार्डांबद्दल बोलत नसत. याच एका कार्डाबद्दल बोलत. म्हणत, माणसाचं नशीब असावं लागतं, चूक झाली त्याच दुपारी ती दुरुस्त करणारी माणसं एकाच इमारतीत हजर असायला. मामांचा पगार वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण प्रश्न समितीच्या यादीत मामांचं नाव सरांच्या वर लिहिलं गेलं ते बाईंच्याच हट्टाने. सरांनी त्याची थट्टा केली, तक्रार केली नाही.

त्या दिवशी करंडक देऊन झाल्यावर बाईंनी कडेच्या खुर्चीवरच्या त्या मुलीला गाठलं.

"बाळ, मी तुझी माफी मागायला आलेय. तुला ठाऊक होतं ना? मग आक्षेप का नाही घेतलास?"

मुलगी संकोचली. "कार्डावर लिहिलं होतं ना, बाई. मला वाटलं, आमच्या घरची बरणीच चुकीची असेल."

एवढंसं पोर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, आणि आपल्या दोन टिंबांपुढे तिने घरची बरणी खोटी ठरवली! बाईंनी तिचा हात धरला. "चल माझ्याबरोबर. तुमची गाडी थांबेल पाच मिनिटं."

मामांनी बरणी अजून जागेवर ठेवली नव्हती. त्यांनी पुन्हा लावून दाखवलं. उंच विझली, मग बुटकी. मुलगी टेबलावर हनुवटी टेकून पाहत होती.

"आमच्याकडे होतं तसंच," ती म्हणाली. मग हनुवटी उचलून, "मामा, तीन लावल्या तर?"

"तीन?" मामांनी बाईंकडे पाहिलं. "कुठल्या पुस्तकात आहे का हो?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून मुलीशेजारी बसल्या. मामांनी खणातून तिसरी मेणबत्ती काढली आणि ती मधल्या उंचीची होईल अशा बेताने कापू लागले.