नानाकाकांच्या पायातली गोळी

माझ्या काकांनी आयुष्यात एकही लढाई जिंकली नव्हती. त्या सगळ्या मी जिंकून दिल्या, त्यांच्या शोकसभेत.

नानाकाका म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार. काळाचौकीच्या चाळीत राहायचे. तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये सभा ठेवली आणि 'घरातला लिहिणारा' म्हणून भाषण माझ्याकडे आलं. (मी जाहिराती लिहितो. शेवटची फिनेलची होती.) तयारी? छे! काका फौजेत होते आणि जरा लंगडायचे, एवढ्यावर मी तासभर बोललो असतो!

"मित्रहो," मी गरजलो, "काकांनी शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्या!"

"खय?" पहिल्या रांगेतून काकू म्हणाली. "चाळीस वर्सां मी तेंच्या छातीक बाम लावलंय. साधो ओरखडो नाय!"

हॉल हसला. मी डगमगलो नाही. "म्हणजे... पायावर! त्याच गोळीने ते जन्मभर लंगडले!"

"गोळी नव्हती ती." मागून एक उंच म्हातारे उठले. काकांबरोबर फौजेत असलेले सुभेदार जाधव. "खेचराची लाथ होती."

हॉल हसून पार कोसळला! मीही हसल्यासारखं केलं.

जाधव हसले नाहीत. "खेचरांवरून वर चौकीला रसद न्यायचं काम त्याचं. एकदा बर्फात खेचर घसरून दरीच्या कडेला अडकलं. सगळे म्हणाले, सोड. हा दोर बांधून खाली उतरला. लाथ खाल्ली, पण जनावर वर आणलं, अन् पिठाची पोतीही. चौकीत आम्ही अकरा जण दोन दिवस उपाशी होतो. तसल्या पायाने चपात्याही त्यानेच लाटल्या."

काकूने पदर डोळ्यांना लावला. "माका सांगल्यानी, मोरीत पडलंय म्हणून."

भाषण तर गेलंच होतं. पण निदान शेवट तरी आपल्या हातात ठेवावा, म्हणून मी ओरडलो, "दोन मिनिटं शांतता! सावधान!"

जाधव आणि त्यांचे चार म्हातारे सोबती खाडकन ताठ झाले. त्यांचं बघून अख्खी चाळ! दोन मिनिटं झाली. पाच झाली. कुणी हलेना! पुढचा हुकूम मी द्यायचा होता आणि तो मला काही केल्या आठवेना. ("धन्यवाद" म्हणून पाहिलं. शून्य परिणाम.)

"सोड मेल्या तेंका आता," शेवटी काकू म्हणाली, "च्या थंड जाता!"

तिच्या एका शब्दावर फौज मोकळी झाली. कपबशा गोळा होईपर्यंत मीच तेवढा ताठ उभा होतो. मला कुणी सोडलंच नव्हतं!